पॅच पाठवणाऱ्यांसाठी सूचना

ओपन सोर्स प्रकल्पाच्या फोल्डरात शिरताना दारातच तीन फायली भेटतात. पहिलीत परवाना असतो, ती वकिलांसाठी. दुसरी रीडमी, ती वापरणाऱ्यांसाठी. तिसरीचे नाव कॉन्ट्रिब्युटिंग. ज्याला या प्रकल्पात स्वतःचा कोड घालायचा आहे त्याने तो कसा लिहावा, कोणाला पाठवावा आणि पाठवल्यावर किती दिवस गप्प बसावे, हे सगळे या तिसरीत असते. पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवण्याआधी ती वाचावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती पहिला पॅच परत आल्यावर वाचली जाते, आणि तीही ज्या नियमावर बोट ठेवून तो परत आला तेवढ्या परिच्छेदापुरतीच.

लहान प्रकल्पाला अशी फाइल लागत नाही. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिला नियम वगैरे काही नव्हते. हा आपला छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, असेच त्याने म्हटले होते. त्या छंदाचे पुढे लिनक्स कर्नल झाले. (हा कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, लष्करातला हुद्दा नव्हे, हुकूम सोडण्याची सवय मात्र दोन्हीकडे सारखीच.) आज साधारण नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ते पाठवणारी माणसे जगभर विखुरलेली, एकमेकांना क्वचितच भेटलेली आणि आपलेच बरोबर आहे याविषयी पूर्ण खात्री असलेली. त्यामुळे नियमावलीचा अभ्यास करायचा तर कर्नलइतका भरघोस नमुना दुसरा नाही.

शिस्त लागावी म्हणून हे नियम केले असावेत, असा नवख्याचा समज असतो. खरे कारण हिशेबाचे आहे. कोड लिहायला माणसे हवी तेवढी मिळतात, वाचायला मिळत नाहीत. लिहिणारा शनिवारी रात्री जोशात चारशे ओळी लिहून मोकळा होतो. त्या वाचायच्या असतात दुसऱ्याच कोणाला तरी, सोमवारी, नोकरी सांभाळून. शिवाय कोड एकदा आत घेतला की लिहिणारा निघून गेला तरी त्याचे बग मागे राहतात, आणि ते वाचणाऱ्याच्याच वाट्याला येतात. म्हणून सूचना पाठवणाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या असल्या तरी त्या असतात वाचणाऱ्याच्या सोयीच्या. दुसरे असे की यातला कोणताही नियम कोणाला अचानक सुचलेला नसतो. लोणचे मुरावे तसे एखादे भांडण वर्षभर मुरते, आणि मग ते नियम म्हणून बरणीतून बाहेर येते.

सहीचा नियम घ्या. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरला. युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवला, असा आरोप होता. मग कोणती ओळ कोणी लिहिली आणि ती देण्याचा त्याला अधिकार होता का, याची शोधाशोध सुरू झाली, आणि लक्षात आले की बारा वर्षे लोक नुसते पाठवत होते आणि लिनस नुसता घेत होता. २००४ मध्ये त्यावर उपाय निघाला. पॅचच्या तळाशी 'साइन्ड-ऑफ-बाय' असे लिहून पुढे नाव आणि ईमेल द्यायचा. हा कोड माझा आहे, किंवा तो देण्याचा अधिकार मला आहे, असा तो दाखला. कोर्टाची पायरी चढून केलेल्या प्रतिज्ञापत्राचे काम एका ओळीत उरकले. पुष्कळ वर्षे तिथे खरेच नाव हवे असा आग्रह होता. २०२३ मध्ये तो शिथिल होऊन माणूस ओळखीचा असला तर चालेल, निनावी चालणार नाही, इथवर आला.

सगळ्यांचे एका ओळीत भागत नाही. ईमॅक्स या एडिटरमध्ये मोठा बदल घालायचा तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे कॉपीराइटची कागदपत्रे पाठवावी लागतात. मोठा म्हणजे साधारण पंधरा ओळींपेक्षा जास्त. हा आकडा कळल्यावर बग चौदा ओळींत बसवण्याची कला आपोआप अंगी येते. एसक्यूलाइट या डेटाबेसने तर गोष्ट मुळातच मिटवून टाकली आहे. तो जगभरच्या फोनमध्ये असतो, त्याचा कोड कोणीही घ्यावा, कशालाही वापरावा. पण त्यात भर घालायची म्हटले तर आम्ही ओपन सोर्स आहोत, ओपन कॉन्ट्रिब्युशन नाही, असे स्वच्छ सांगितले जाते. ज्या मोजक्या लोकांनी तो लिहिला त्यांची कागदी प्रतिज्ञापत्रे कंपनीच्या कार्यालयात आगीपासून सुरक्षित अशा तिजोरीत ठेवलेली आहेत. कोड चोरीला जाण्याची भीती नाही, कारण तो फुकटच आहे. जपायचा तो कागद.

सही झाली की कोडच्या पेहरावाकडे वळायचे. कर्नलची शैलीपुस्तिका हा या वाङ्मयप्रकारातला सर्वात वाचनीय ग्रंथ समजावा. तिची सुरुवातच अशी आहे की ग्नू प्रकल्पाचे शैलीनियम छापून घ्यावेत आणि न वाचता जाळावेत. त्यातून एक प्रतीकात्मक समाधान मिळते. त्यानंतर इंडेंटेशन, म्हणजे ओळ किती आत सरकवायची ते. टॅब आठ अक्षरांचा. चार किंवा दोन अक्षरांचा टॅब मागणारे लोक पाखंडी असून, त्यांची मागणी पायची किंमत ३ धरण्यासारखी आहे, असे पुस्तिकेचे मत. आठ अक्षरांमुळे कोड फार उजवीकडे सरकतो, अशी कोणी तक्रार केली तर उत्तर तयार आहे: तीन पातळ्यांपेक्षा जास्त आत जावे लागत असेल तर दोष टॅबचा नाही, प्रोग्रामचा आहे. महिरपी कंस कुठे उघडावा याबाबत कर्निघन आणि रिची या सी भाषेच्या ग्रंथकर्त्यांना पुस्तिका प्रेषित मानते, आणि प्रेषितांशी वाद घालण्याची सोय ठेवत नाही. फंक्शन स्क्रीनभर, फार तर दोन स्क्रीन. आतले व्हेरिएबल पाच ते दहा. माणसाच्या मेंदूला एका वेळी साधारण सात गोष्टी सांभाळता येतात, हे त्याचे कारण दिलेले आहे. ज्या मेंदूला आठ अक्षरांच्या टॅबवर चर्चा करायला वर्षे पुरत नाहीत, तोच हा मेंदू.

ओळीच्या लांबीचा नियम विशेष लक्ष देण्याजोगा आहे. एका ओळीत ऐंशी अक्षरे. हा ऐंशी आला कुठून? आयबीएमने १९२८ मध्ये काढलेल्या छिद्रांच्या कार्डावर ऐंशी रकाने होते. कार्डे गेली, त्यांच्या मापाचे टर्मिनल आले. टर्मिनल गेले, माप राहिले. २०२० मध्ये कर्नलच्या तपासनीस स्क्रिप्टने आपली हरकतीची मर्यादा ऐंशीवरून शंभरावर नेली. ऐंशी बरे, पण शंभरापर्यंत ओरडणार नाही, असा तो तह होता. ब्याण्णव वर्षांनी वीस अक्षरे मिळाली. एवढ्यावर पाखंडी लोक अजून समाधानी नाहीत.

कर्नलच्या आत पुन्हा प्रत्येक विभागाचे आपले कुळाचार आहेत. नेटवर्किंग विभागात फंक्शनच्या सुरुवातीच्या व्हेरिएबलच्या ओळी लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावाव्या लागतात: सर्वात लांब ओळ वर, सर्वात आखूड खाली. या रचनेला उलटे ख्रिसमस झाड म्हणतात. मशीनला त्याने काहीही फरक पडत नाही. पॅच परत येण्याला मात्र तेवढे पुरते, आणि शेजारच्या विभागात तसेच झाड घेऊन गेले तर तिथे त्याकडे कोणी बघत नाही.

वास्तविक या सगळ्या तंट्यावर गो भाषेने एक सोपा तोडगा काढला. 'गोफम्ट' नावाचा प्रोग्राम सगळा कोड एकाच छापाचा करून टाकतो. टॅब किती, कंस कुठे, हे विचारायला कोणी माणूसच समोर नसतो. त्याची शैली मनापासून कोणालाच आवडत नाही, आणि तरी तो सगळ्यांना आवडतो. कारण सोपे आहे: समोरच्यालाही ती आवडत नाही.

पेहराव झाला, की वर्णन. बदल कोडमध्ये एका अक्षराचा असला तरी तो का केला हे लिहावे लागते, आणि बऱ्याचदा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. शीर्षक सत्तर-पंचाहत्तर अक्षरांचे. खालचा मजकूर पंचाहत्तर अक्षरांवर मोडलेला. क्रियापद आज्ञार्थी हवे: 'बग सुधारला' किंवा 'बग सुधारत आहे' असे लिहायचे नाही, 'बग सुधार' असे लिहायचे, जणू कोडलाच फर्मान सोडले आहे. शाळेत ज्यांनी आख्यातप्रकरण ऑप्शनला टाकले त्यांच्यावर काळ हा असा सूड उगवतो. आपला पॅच एखादी जुनी चूक दुरुस्त करत असेल तर ती चूक ज्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदलेल्या बदलात, झाली त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरे द्यायची. त्यासाठी गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात 'ब्लेम' नावाची आज्ञाच आहे. कोणती ओळ कोणाची, हे ती सांगते. हा गाढवपणा कोणी केला, असे म्हणत ती चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना उत्तरात स्वतःचेच नाव मिळते आणि वर्णनाचा सूर एकदम मवाळ होतो.

वर्णन लिहिताना ताकाला जाऊन भांडे लपवायचे नाही. एका पॅचमध्ये एकच बदल, हा नियम त्यासाठी आहे. बग सुधारता सुधारता शेजारच्या चार फंक्शनांची नावे बदलली, जाता जाता मोकळी जागा झाडली, असे चालत नाही. घरी आलेल्या प्लंबरने नळ दुरुस्त करावा; बैठकीच्या खोलीला रंग दिला तर तो कितीही चांगला असो, मालक चिडतोच.

मग पाठवणे. बहुतेक प्रकल्पांत गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती, टाकली की काम होते. कर्नलचे काम आजही ईमेलवर चालते, तेही साध्या मजकुरात. जोडपत्र नाही, रंग नाही, ठळक अक्षर नाही. जीमेल ब्राउझरमधून वापरले तर ते टॅबचे स्पेस करून टाकते, म्हणून ईमेलच्या मार्गदर्शक फाइलीत त्याच्यापुढे एवढाच शेरा आहे की पॅच पाठवायला हे चालत नाही. गिटहब ज्यावर उभे आहे ते गिट ज्या लिनसने लिहिले (एप्रिल २००५ मध्ये, जुन्या साधनाचा फुकट परवाना गेल्यावर, आणि काही दिवसांत) त्याच्याच प्रकल्पात गिटहबवरून आलेली पुल रिक्वेस्ट घेतली जात नाही. ही विसंगती नवख्याला खुपते. जुन्यांना तिच्यात काही वावगे वाटत नाही. आचारी स्वतःच्या हॉटेलात कुठे जेवतो?

कोणाला पाठवायचे हे शोधायला एक स्क्रिप्ट आहे. ती फाइल बघून तिच्या मेंटेनर मंडळींची, म्हणजे ती सांभाळणाऱ्यांची, नावे काढून देते. नावे कधी दोन निघतात, कधी सोळा. सगळ्यांना पाठवावे लागते, आणि सगळ्यांना गेलेले पत्र आपल्यासाठी नाही असे सगळ्यांना वाटते.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात: वर्णन नाही, सही नाही, एका पॅचमध्ये पाच बदल, दुसरी आवृत्ती आहे पण पहिलीपेक्षा वेगळे काय ते लिहिलेले नाही. कर्नलच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन वर्षानुवर्षे हीच उत्तरे हाताने लिहीत. शेवटी त्यांनी एक पॅच-बॉट केला. तो स्वतःची ओळख प्रेमळ अशी करून देतो, मालकाला वेगवेगळ्या माणसांना तेच तेच लिहून वेड लागायची पाळी आली म्हणून आपला जन्म झाला असे सांगतो, आणि मग चुकांची यादी देतो. पहिला पॅच पाठवून रात्रभर जागलेल्या विद्यार्थ्याला सकाळी कर्नलकडून आलेले पहिले पत्र बरेचदा या बॉटचे असते. तरीही त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवणारे आहेत.

यापुढचा टप्पा म्हणजे काहीही न करणे, आणि तो सर्वांत अवघड. मार्गदर्शिकेत या प्रकरणाचे नावच खचू नका, उतावीळ होऊ नका, अशा अर्थाचे आहे. उत्तर दोन-तीन आठवड्यांत यावे. न आल्यास पत्ता बरोबर होता का ते बघावे. आठवण करायची तर निदान आठवडाभर थांबून. नव्या आवृत्तीसाठी बदल गोळा करण्याचे दोन आठवडे असतात, त्या काळात तर कोणी कोणाला ओळखत नाही. नेटवर्किंगवाले त्या वेळी नव्या कामाची खिडकी बंद करतात, आणि तरीही आत सरकवलेला पॅच खिडकी उघडल्यावर पुन्हा पाठवा असे सांगून परत करतात. ज्याने सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत अर्ज दिला आहे त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की इथे खिडकीपलीकडच्या माणसाला कधी कधी पगारही नसतो.

शांततेचे अर्थ लावण्याचे एक शास्त्र आहे. उत्तर नाही याचा अर्थ नकार असू शकतो, होकार असू शकतो, किंवा मेंटेनरच्या घरी मूल आजारी असू शकते. अपाचे प्रतिष्ठानाने यावर रीतसर तोडगा काढला. प्रस्ताव मांडावा, निदान बहात्तर तास थांबावे, कोणी हरकत घेतली नाही तर संमती आहे असे समजावे. या पद्धतीला आळशी संमती म्हणतात, आणि नावात काही लपवलेले नाही. मत द्यायचेच असेल तर अधिक एक, शून्य किंवा उणे एक असे आकड्यात द्यायचे. कोडच्या बदलावर उणे एक म्हणजे नकाराधिकार, पण सोबत तांत्रिक कारण हवे. नुसती नाराजी चालत नाही. अपूर्णांकही चालतात. उणे शून्य पूर्णांक नऊ दशांश म्हणजे मला हे अजिबात पसंत नाही, पण मी आडवा येणार नाही. घरोघरच्या लग्नाच्या बोलण्यांत ही सोय असती तर कितीतरी मामांचे रुसवे दशांशात मावले असते.

उत्तर येते तेव्हा रिव्ह्यू सुरू होतो. कोड दुसऱ्याने तपासावा ही कल्पना ओपन सोर्सची नव्हे. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये तिची रीतसर पद्धत मांडली होती, त्यात बैठक होती, तिचा सूत्रधार होता आणि दोन तासांपेक्षा जास्त बसू नये असे बंधन होते. ओपन सोर्समध्ये बैठक गेली, सूत्रधार गेला आणि बंधनही गेले. राहिले ते शेरे. कर्नलमध्ये त्यांच्या पायऱ्या आहेत. 'रिव्ह्यूड-बाय' म्हणजे मी नीट वाचले आणि ते घ्यावे असे माझे मत आहे. 'टेस्टेड-बाय' म्हणजे चालवून पाहिले. 'अॅक्ड-बाय' म्हणजे माझी हरकत नाही, बाकी तुमचे तुम्ही बघा. बाहेर गिटहबवर सगळ्याला मिळून एकच शेरा असतो: एलजीटीएम. मला ठीक वाटते. पॅच जितका लांब तितका हा शेरा लवकर येतो. दहा ओळी पाठवल्या तर दहा शंका येतात. पाचशे पाठवल्या तर ठीक वाटते. प्रोग्रामरांमध्ये हे विनोद म्हणून सांगितले जाते, पण सांगताना कोणी फारसे हसत नाही.

अगदी बारीक हरकतीपुढे रिव्ह्यू करणारा 'निट' असे लिहितो. मराठी वाचणाऱ्याला हा शब्द फसवतो. त्याला वाटते की कोड नीट आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ लीख. डोक्यातून लिखा काढाव्यात तशा हरकती काढायच्या, असा हा प्रकार: इथे एक स्वल्पविराम जास्त, तिथे नाव जरा लांब. निट मानला नाही तरी चालेल असे लेखी आश्वासन असते. न मानून पाहिलेल्यांची संख्या थोडी आहे.

बारीक गोष्टींवरच चर्चा का वाढते याचे उत्तर नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये देऊन ठेवले आहे. त्यांच्या काल्पनिक समितीपुढे एक कोटी पौंडांची अणुभट्टी येते आणि अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही. मग येते कर्मचाऱ्यांच्या सायकलींची शेड. तिचे छप्पर पत्र्याचे की अॅल्युमिनियमचे, यावर पाऊण तास जातो. शेड सगळ्यांनी पाहिलेली असते. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कोणालाही हा सिद्धांत नवा नाही. प्रोग्रामरांपर्यंत तो पोचायला मात्र ऑक्टोबर १९९९ उजाडावा लागला. फ्रीबीएसडी प्रकल्पात 'स्लीप' या आज्ञेला सेकंदाचे अपूर्णांक द्यावेत की नाहीत यावर घमासान माजले होते. स्लीप करते काय, तर सांगितलेले सेकंद काहीही न करता थांबते. या काहीही न करण्यात अर्ध्या सेकंदाची सोय असावी का, यावर जाणती माणसे हमरीतुमरीवर आलेली पाहून पॉल-हेनिंग काम्प यांनी त्यांना पार्किन्सनच्या शेडची आठवण करून देणारे पत्र लिहिले. तेव्हापासून अशा चर्चेला 'बाइकशेडिंग' हे नाव पडले आणि शेडला रंगही मिळाला. पार्किन्सनकडे वाद छपराचा होता. रंगाचा वाद ही प्रोग्रामरांनी घातलेली भर.

मराठीत ही शेड भाषांतराच्या फाइलीत उभी असते. सॉफ्टवेअर मराठीत आणणारे स्वयंसेवक 'फाइल' या एका शब्दापाशी अडतात. संचिका म्हणावे, धारिका म्हणावे, की फाइलच ठेवावी, आणि ठेवली तर फाइल की फाईल? एन्क्रिप्शनच्या एखाद्या संदेशाचे भाषांतर उलट्या अर्थाचे झाले असले तरी ते बिनबोभाट पुढे जाते. त्यात अडीच मिनिटे पुरतात. फाइलपाशी मात्र शुद्धलेखनाचे नियम, पारिभाषिक कोश आणि कोणाची तरी आजी, असे सगळे साक्षीला येतात. दरम्यान वापरणारा मेनू इंग्रजीत ठेवून मोकळा झालेला असतो.

शेरे कसे लिहावेत यासाठी वेगळी नियमावली असते, आणि तिचाही जन्म रीतीप्रमाणे भांडणातूनच. लिनस टोरवाल्ड्सची कर्नलच्या पत्रव्यवहारातली भाषा अनेक वर्षे प्रसिद्ध होती. तिचे नमुने या लेखात देता येणार नाहीत. २०१५ मध्ये कर्नलने एक छोटी संहिता घेतली. इतर प्रकल्प 'कोड ऑफ कंडक्ट' म्हणतात, म्हणजे वर्तनाची संहिता. कर्नलने तिला 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' म्हटले, म्हणजे संघर्षाची. तुमच्या कोडवर टीका होणारच, असे तिच्यात आधीच सांगून ठेवले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसने आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे रजा घेतली आणि कर्नलने इतरांसारखी वर्तनसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी एसक्यूलाइटची संहिताही चर्चेत आली. गिऱ्हाइकांच्या फॉर्ममध्ये संहितेचा रकाना होता, तो भरायला त्यांनी संत बेनेडिक्टचे सहाव्या शतकातले बहात्तर नियम दिले होते. भरपेट खाऊ नये, झोपाळू असू नये, फार बोलण्याची आवड धरू नये. यातला शेवटचा नियम रिव्ह्यू करणाऱ्यांना लावला असता तर जगातले अर्धे पॅच वेळेत गेले असते. पण हे नियम मठासाठी होते, आणि मठात पुल रिक्वेस्ट नसतात.

आतापर्यंतचे नियम ज्याला कोड द्यायचा आहे त्याच्यासाठी होते. काहींना तो द्यायचा नसतो, टी-शर्ट घ्यायचा असतो. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये भारतातल्या एका यूट्यूब शिकवणीत, पुल रिक्वेस्ट किती सोपी असते हे दाखवायला, दुसऱ्याच्या रीडमीत एक कौतुकाची ओळ घालून दाखवली गेली. शिकवणी परिणामकारक ठरली. जगभरच्या प्रकल्पांच्या दारात 'हा अप्रतिम प्रकल्प आहे' अशा अर्थाचे पॅच येऊन पडू लागले, आणि भीक नको पण कुत्रं आवर, अशी मेंटेनर मंडळींची गत झाली. काही दिवसांतच आयोजकांनी नियम फिरवला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून हो म्हटले तिथलीच पुल रिक्वेस्ट धरली जाईल. आता टी-शर्टची जागा एआयने घेतली आहे. पॅच सुबक, वर्णन आज्ञार्थात, सही जागेवर, आणि ज्या बगविषयी हे सगळे आहे तो बग अस्तित्वातच नाही. कर्ल या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून अशा खोट्या तक्रारींबद्दल जाहीर बोलत आले आहेत. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये एआयने लिहिलेले काहीही घ्यायचे नाही असा ठरावच केला. आजवर वाईट पॅच त्याच्या अवतारावरून ओळखू येई. नीटनेटकेपणाची परीक्षा लावून माणसाची मेहनत मोजत होतो, हे मेंटेनर मंडळींना मेहनत न घेणारा परीक्षार्थी आल्यावर कळले.

इतके नियम करून बग थांबतात का, हा प्रश्न राहतो. बघणारे डोळे पुष्कळ असले की बग लपून राहत नाही, असा सिद्धांत एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडला आणि त्याला लिनसचे नाव दिले. सिद्धांतात डोळे किती हे सांगितले आहे, ते उघडे असावेत हे गृहीत धरले आहे. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा बग ३१ डिसेंबर २०११ रोजी, रिव्ह्यू होऊनच, आत आला. तारखेवर भाष्य करण्याची गरज नाही. निम्म्या जगाचे सुरक्षित व्यवहार ज्या कोडवर चालत होते त्यातला हा बग एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. तोवर तो कोड उघडाच होता, कोणीही वाचू शकत होते, आणि कोणीही वाचू शकते म्हणून प्रत्येकाने ते दुसऱ्यावर सोपवले होते. बैल गेला अन् झोपा केला, या न्यायाने नंतर मोठ्या कंपन्यांनी प्रकल्पाला पैसे दिले.

एक्सझेडची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे कोणाचे दुर्लक्ष झाले नाही. उलट एक जण फारच लक्ष देत होता. फायली आवळून लहान करणारे हे साधन प्रामुख्याने एकच माणूस सांभाळत होता. २०२१च्या सुमारास एक नवा कार्यकर्ता आला. पॅच व्यवस्थित, भाषा नम्र, चिकाटी अफाट. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी मेंटेनरला टोचणी लावली: पॅच पडून राहतात, काम झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. दमलेल्या मेंटेनरने हळूहळू किल्ल्या या गुणी कार्यकर्त्याकडे दिल्या. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रामरला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही, आणि आयत्या बिळात शिरलेल्या नागोबाने दोन वर्षे खपून घातलेला चोरदरवाजा उघडा पडला. नियमावलीच्या दृष्टीने या नागोबाविरुद्ध फारसे काही नव्हते. त्याने इंडेंटेशन पाळले होते. आणि फ्रीबीएसडीत सेकंदाच्या अपूर्णांकांवर ज्यांनी घसा कोरडा केला होता, त्यांना पंचवीस वर्षांनी का होईना, अर्ध्या सेकंदाचे महत्त्व जगाला पटल्याचे समाधान मिळाले असावे.

शेवटचा प्रश्न मेंटेनरचा. कर्नलमध्ये कोण काय सांभाळतो याची मोठी फाइल आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे स्थिती लिहिलेली असते. 'सपोर्टेड' म्हणजे हे बघण्याचे कोणाला तरी चक्क पैसे मिळतात. मूळ खुलाशातही हे वाक्य किंचित आश्चर्यानेच लिहिले आहे. 'मेंटेन्ड' म्हणजे कोणी तरी खरोखर बघते. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण एखाददुसरा पॅच टाकण्यापलीकडे त्याला सवड नाही. 'ऑब्सोलीट' म्हणजे जुने झाले, नवे वापरा. आणि 'ऑर्फन' म्हणजे अनाथ: इथे सध्या कोणी नाही. त्यापुढे कंसात एक पुस्ती आहे, की तुम्ही नवा कोड लिहितच आहात, तर कदाचित तुम्हीच ही जबाबदारी घ्याल. जुनी माणसे ही ओळ दिसली की फाइल हलकेच बंद करतात. नवख्याला तसे कोणी सांगितलेले नसते. तो त्या विभागातला बग कोणाला कळवावा एवढे विचारायला एक नम्र ईमेल टाकतो, साध्या मजकुरात, टॅबची काळजी घेऊन. या एका ईमेलला मात्र दोन-तीन आठवडे लागत नाहीत. उत्तर त्याच दिवशी येते, आणि ते अभिनंदनाचे असते.